चूडीवाली मॅडम

मामाजी,

आज रविवार आहे आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. कपाट दोनदा आवरलं, घासलेले डबे परत घासले, गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे नुसतेच उलटेपालटे करून आले. शेवटी तुमची नात आतून ओरडली, "आई, बैठ ना एक जगह, तुझे देखके चक्कर आ रहा है." ती आता कॉलेजात जाते आणि माझ्याशी हिंदीतच बोलते. मराठी सगळी कळते, बोलायला लाजते. तुमच्याशी मात्र ती मराठीच बोलायची, म्हणजे लहान पोर जेवढं बोलतं तेवढं, आणि तेही तुमच्यासारखं, "मले दे, मले दे" करून. तर मी बसले. समोर कागद ओढला. कोणाला लिहायचं ते ठरलेलं नव्हतं. सासऱ्याला कोणी पत्र लिहितं का, आणि तेही जाऊन इतकी वर्षं झालेल्या, असं मनात आलं खरं, पण तोवर वर 'मामाजी' लिहून झालं होतं.

बेचैनीचं कारण सांगते. परवा प्राचार्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "मैडम, खुशखबर है. जिला कार्यालय में आपको अटैच करना चाहते हैं. कंप्यूटर आपको आता है, घर बालाघाट में है, रोज का ये आना-जाना बचेगा. सोमवार तक बता दो." अटैच म्हणजे नाव शाळेत, काम कार्यालयात. माझी शाळा लालबर्रा रोडवरच्या एका खेड्यात आहे. रोज स्कूटी, राइस मिलच्या ट्रकांमागून उडणारा कोंडा डोळ्यांत, उन्हाळ्यात चटके आणि थंडीत बोटं आखडलेली. ते कार्यालय घरापासून चालत जाण्यासारखं. खुर्ची, कूलर, दुपारचा चहा टेबलावर. तुमचा मुलगा नागपूरहून फोनवर म्हणाला, "त्यात विचार काय करायचा? हो म्हण." शाळेतल्या बाकीच्या मॅडम तर मिठाई मागतायत. मीही हो म्हणायला तोंड उघडते आणि ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलते. भाजी काय आणायची, गॅस संपत आला का, असलं काहीतरी. आणि तसं पाहिलं तर यंदा मी वर्गात शिकवलं तरी किती? कधी सर्वे, कधी पोर्टलवर माहिती भरणं, कधी कसलीशी ट्रेनिंग. फळ्यासमोर उभं राहायला मिळालं की वाटतं, दुसऱ्याच्या वर्गात चोरून शिरलेय. मग खुर्चीत बसून हेच करायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उठून डबे घासते.

असं काही झालं की मला आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं. मी तिथे उभी आहे, चपला अजून पायातच आहेत, खांद्यावर पर्स आहे. तुम्ही जमिनीवर बसून तरोट्याची भाजी निवडताय. पोर तुमच्या पाठीवर चढलेली. नुकताच बी.एड.ला नंबर लागलाय आणि मी कॉलेजातून प्रवेशाचं सगळं करून आलेय, खुशीत. खुशी दोन गोष्टींची. एक, प्रवेश मिळाला. दुसरी, तिथल्या बाबूंनी हळूच सांगितलं होतं, "मैडम, आपकी दुकान है, छोटी बच्ची है, हम समझते हैं. रोज आने की जरूरत नहीं. हाजिरी लग जाएगी. परीक्षा देने आ जाना." त्यासाठी वेगळं काय द्यावं लागेल, तेही त्यांनी नजरेनंच सांगितलं होतं. मला तर डोक्यावरचा डोंगर उतरल्यासारखं झालं होतं. मामी गेल्यापासून त्यांनी सुरू केलेलं ते पुढच्या खोलीतलं बांगड्यांचं दुकान माझ्याच अंगावर होतं. तुमचा मुलगा नागपूरला कंपनीत, पंधरवड्यातून एकदा यायचा. दुकान बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं, आणि पोर तर हातातच. मी मोठ्या हुशारीनं तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही भाजीची काडी मोडता मोडता थांबलात.

"मले एक सांग. आमच्या खदानीत हाजरी नसली त रोजी नाही भेटत. अन् तू हाजरीबिगर मास्तरीन होशीन?"

"मामाजी, सगळेच करतात तसं."

"सगळे काहून करतेत ते मले नाही मालूम. तुले विचारून राह्यलो. तू काहून करतेस?"

"मग दुकानात कोण बसेल? हिच्याकडे कोण पाहील?"

"मी हावो ना. मेलो का मी?"

मी हसले. खरंच हसले, मामाजी. उकव्याच्या मँगनीज खदानीत सारा जन्म ड्रिल मशीन धरलेला माणूस, तळहाताच्या भेगांत काळं भिनलेलं, रिटायर होऊनही ते न निघालेलं. तो माणूस लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या, टिकल्यांची पाकिटं, रिबिनी आणि मेंदीचे कोन विकत बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पोरीला पाठीवरून उतरवलं, तरोटा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणालात, "फोडनी दे. अन् उद्यापासून कालेजात जा."

पहिला आठवडा तुम्ही जेवढ्या बांगड्या विकल्या त्याहून जास्त फोडल्या असतील. संध्याकाळी मी काउंटरखालून काचा गोळा करायची आणि तुम्ही पलीकडे तोंड करून बसायचा, चूक पोरीची असल्यासारखे. माप सांगायला बायका लाजायच्या, तुम्ही विचारायला लाजायचा. मग तुम्ही तुमची पद्धत काढलीत. डबा उघडून काउंटरवर ठेवायचा, स्टूल रस्त्याकडे फिरवायचं आणि म्हणायचं, "पाह्यून घ्या बाई आपल्या हातानं. फुटली त फुटली." कोणा बाईच्या हाताला तुमचा हात एकदाही लागला नाही. आधी म्हाताऱ्या यायला लागल्या, मग त्यांच्या सुना, मग शाळेतल्या पोरी. एक पोर यायची, बराच वेळ उभी राहायची आणि टाचण्या घेऊन जायची. पुन्हा यायची, पुन्हा टाचण्या. तुम्ही मला विचारलंत, "त्या पोरीले एवढ्या टाचण्या कायले लागतेत?" मी कणीक मळत होते, मान वर न करता सांगितलं की तिला टाचण्या नको असतील, दुसरं काही हवं असेल, ते तुमच्याकडे मागता येत नसेल. वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून ठेवतो ते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर दाराजवळ, हाताला येईल अशा ठिकाणी एक छोटी मांडणी ठोकलेली. त्यावर पॅडची पाकिटं आणि शेजारी तुम्ही स्वतः चिकटवलेल्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा, पैसे टाकायला बिस्किटाचा डबा. "ज्याले जे लागन ते उचलून न्यावं. मी रस्ता पाहतो." त्यावर तुम्ही पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत. मीही नाही. त्या पोरीनं मात्र टाचण्या घेणं बंद केलं.

माझे ते दिवस कसे गेले, ते मला सलग आठवत नाही, तुकड्यांनी आठवतात. मी सायकलवर आहे आणि मनात पाठ टाचणाचे मुद्दे म्हणतेय. मी मानसशास्त्राच्या तासाला बसलेय आणि कपाळ बाकाला टेकलंय, शेजारची बाई मला कोपर मारतेय. मी दुकानात गिऱ्हाइकाला टिकल्या दाखवतेय आणि काउंटरवर तक्ता पसरलाय. लाल स्केचपेन संपला म्हणून त्रिकोण नेलपॉलिशनं रंगवलाय, आणि पोरीनं त्यावर हात ठेवून तो हात माझ्या साडीला पुसलाय. सगळीकडे मी अर्धीच होते. कॉलेजात असताना दुकान डोक्यात, दुकानात असताना पाठ, पाठ काढताना पोरीचा ताप. रात्री अंग टाकलं की पाय तेवढे चालतच राहिल्यासारखे वाटायचे.

त्यातलं बरं काय, तर आपली शाळा. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं की सराव पाठ आधी घरी कोणासमोर तरी बोलून पाहा. घरी तुम्ही होता आणि पोर. तुम्ही दोघं भिंतीला टेकून पाटावर बसायचा, मी दाराच्या पाठीला खडूनं लिहायची. मला वाटलं होतं, तुम्ही गुपचूप ऐकाल. तुम्ही तर वर्गातला सर्वांत वांड पोरगा झालात. "मॅडम, पानी प्याले जाऊ?" "मॅडम, इनं मले चिमटा घेतला." "मॅडम, काल शिकवलं होतं ते इसरलो." मी चिडून म्हटलं, "मामाजी, नीट ऐका ना!" तर म्हणालात, "मी चवथीत असाच होतो. माह्यासारखे नसतीन का तुह्या वर्गात?" आणि पोर टाळ्या वाजवतेय, तिला तो सगळा खेळ वाटतोय.

होते. तुमच्यासारखे वर्गभर होते, फक्त पोरी होत्या. सराव पाठासाठी मला गावातल्याच मुलींच्या एका शाळेत नववीचा वर्ग मिळाला. पहिले काही पाठ बरे गेले. मग एक दिवस मी वर्गात शिरले, मागच्या बाकावर कॉलेजातल्या मॅडम निरीक्षणाला बसलेल्या, आणि तिसऱ्या रांगेतली एक पोर, उंच, बारीक, दोन वेण्यांची, शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "अरे ये तो चूड़ी वाली मैडम है. इनके ससुर चूड़ी बेचते हैं." वर्ग फुटला. हसू एकदा सुरू झालं की ते कशालाही होतं. मी फळ्याकडे वळले तरी हसू, खडू मोडला तरी हसू. मी पाठ म्हणून दाखवला, शिकवला नाही. मागच्या बाकावरून मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या, "आपकी आवाज कहाँ चली गई थी?"

त्या दुपारी मी सायकल रस्त्यावरच टाकून दुकानात आले, तेव्हा तिथे दोन बायका हिरव्या बांगड्या पाहत होत्या. सरळ हात वर केला आणि शटर खाली ओढायला लागले. बायका घाबरून बाहेर पडल्या. अर्ध्यावर आलेलं शटर, खालून येणारा उजेड, तुमचे पाय आणि स्टूल एवढंच मला आठवतं. मी म्हटलं, "बंद करा हे. मला नाही व्हायचं मास्तरीण. मला काहीच नाही व्हायचं." पोर रडायला लागली. तुम्ही तिला उचललंत आणि आत गेलात.

दिवेलागणीला मी भात टाकत होते. तुम्ही चुलीशी, म्हणजे गॅसशी, येऊन उभे राहिलात. तुम्ही कधी स्वयंपाकघरात उभ्यानं बोलायचा नाहीत, बसून बोलायचा.

"काय म्हने ती पोरगी?"

मी सांगितलं.

"चूडीवाली. मॅडम. दोनी शब्द खरे हायेत ना? मंग राग कोनत्या शब्दाचा आला?"

मी ओरडले. तुमच्यावर ओरडण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला कोण हसतंय?"

भाताला उकळी आली, मी झाकण काढलं. मग तुमचा आवाज चढला. तोही मी पहिल्यांदाच ऐकला.

"मले कोन हासते? उकव्याहून जोडीदार आलते माहे, दोघं. मोटारस्टँडवरून सिधे दुकानात. दारात उभे राहून म्हनतेत, खदानीत सुरुंग लावनारा मानूस, आता हाती बांगड्या भरून बसला. विहाराच्या ओट्यावर मी गेलो का अजून तेच चालते. हातवारे करून दाखवतेत. मले लाज नाही वाटली? वाटली. पन मी काई शटर नाही पाडलं."

मी झाकण हातात धरून तशीच उभी. तुम्ही विहारात जाणं कमी केलं होतं, ते मला दिसलं होतं. मला वाटलं होतं, पोर सोडत नसेल. मला वाटलं होतं, गुडघे दुखत असतील. तुम्ही मला इतक्या महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मी चिडले नसते तर सांगितलंही नसतं. भात खाली लागला. वास सुटला तेव्हा तुम्हीच हात लांब करून गॅस बंद केलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "वरचा वरचा काढ. पोरीले भूक लागली."

दुसऱ्या दिवशी माझा पाठ होता वर्तुळाचा. परीघ आणि व्यास. सकाळी दुकानात गेले आणि विकल्या न जाणाऱ्या, जोडी तुटलेल्या बांगड्या एका खोक्यात भरायला लागले. लहान, मोठ्या, पोरींच्या, बायकांच्या. तुम्ही पाहिलंत. जुना पेपर फाडून त्यांच्यामध्ये कोंबून दिलात, फुटू नयेत म्हणून. वर्गात शिरले तर कुजबुज सुरू झालीच होती. मी खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हाँ, चूड़ी वाली मैडम. और आज चूड़ियाँ भी लाई हूँ." आता तो पाठ फार छान झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. गोंधळ झाला. मी म्हटलं होतं, बांगडीभोवती दोरा गुंडाळा, मग दोरा पट्टीवर मोजा, मग आरपारची रुंदी मोजा आणि दोऱ्याच्या मापाला तिनं भागा. अर्ध्या वर्गानं बांगड्या हातात घालून पाहिल्या. दोन फुटल्या, एकीचं बोट कापलं, तिला पाणी लावायला दोघी गेल्या त्या आल्याच नाहीत. मागच्या बाकावरच्या मॅडमनी लिहिलं, वर्गावर नियंत्रण नाही. ते शेवटपर्यंत माझ्या गुणांत दिसलं. पण तास संपता संपता ती दोन वेण्यांची पोर उठली. कपाळाला आठ्या, हातात माझ्या दोन बांगड्या, एक बाळाची आणि एक बाईची. "मैडम, बड़ी लो चाहे छोटी, हर बार तीन से थोड़ा ज्यादा ही क्यों आता है?" मला उत्तर येत होतं, पण पुस्तकातलं. ते तिला पुरणार नाही हे तिच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. मी म्हटलं, "कल बताऊँगी." आणि घरी येताना सायकलवर मला दुकान आठवलं नाही, घरची पोर आठवली नाही, काहीच आठवलं नाही. तिला कसं सांगू, एवढंच. तोवरची माझी तगमग सगळी वेळेची होती. त्या दिवसाची तगमग वेगळी होती. ती आली ती आजपर्यंत गेली नाही.

निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला भेट दिलीत. शेजारच्या सुताराकडून लाकडाचा तुकडा तासून आणून, त्याला खालून बांगड्यांच्या जुन्या स्टँडची लाल मखमल चिकटवली होती. डस्टर. मी अतिथी शिक्षक म्हणून पहिल्या शाळेत लागले तेव्हा तो घेऊन गेले. मखमलीनं खडू पुसला जात नाही, मामाजी, तो फळाभर पसरतो. फळा गुलाबीसर झाला आणि पोरं खो खो हसली. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "पुसते का चांगला?" मी म्हटलं, "हौ, मामाजी, एकदम." तर म्हणालात, "खोटं नोको बोलू. मी पोरीच्या पाटीवर पाह्यलं होतं पुसून. पन मखमल दिसाले चांगली दिसते ना?" दिसायची. अजूनही दिसते, कपाटात आहे.

मी कायम झालेली तुम्ही पाहिली नाहीत. अतिथीची दर वर्षीची धाकधूक मात्र पाहिलीत, यंदा ठेवतात की काढतात म्हणून. त्यातल्याच एका हिवाळ्यात तुमच्या छातीतली जुनी धाप वाढली आणि दवाखान्यातून तुम्ही घरी आला नाहीत. तुम्हाला नेलं त्या दिवशी अंगणात पुरुष होते, उकव्याचे ते दोन जोडीदारही होते, तोंड बारीक करून. पण रस्त्याच्या पलीकडे, भिंतीला लागून बायका उभ्या होत्या. वार्डातल्या, मागच्या गल्लीतल्या, ज्यांचं आपलं जाणं-येणं नाही अशाही. आणि पोरी, शाळेच्या ड्रेसमधल्या. कोणी पुढे आलं नाही. कोणी मोठ्यानं रडलंही नाही. तुमचा मुलगा मला हळूच म्हणाला, "ह्या सगळ्या कोण?" मी सांगितलं, "गिऱ्हाइकं."

पुढच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीवाला आहे. भाडं वेळेवर देतो. संविदा, म्हणजे कंत्राटी, मग कायम, मग ही लालबर्रा रोडची शाळा, सगळं एकामागोमाग झालं आणि मी त्यातून पळतच आले. थांबून कोणाशी बोलले असते तर तुमच्याशी, पण तुम्ही नव्हता आणि मलाही वेळ नव्हता. आत्ताही मध्येच उठून कुकर लावून आले. नात विचारून गेली, "इतना क्या लिख रही है?" मी म्हटलं, काही नाही, शाळेचं.

उद्या मी प्राचार्यांना नाही म्हणणार आहे. यात फार मोठेपणा नाही. त्या कार्यालयातली माणसं वाईट नाहीत, कामही कोणीतरी करायलाच हवं. पण शनिवारी नववीच्या वर्गात दहा मिनिटं मिळाली, तेवढ्यात एका पोरानं गणित माझ्यापेक्षा सोप्या वाटेनं सोडवलं आणि माझ्याकडे अशा तोऱ्यानं पाहिलं, की ती वाट बरोबर कशी निघाली ते मी अजून मनात सोडवून पाहतेय. खुर्चीत बसून मी त्याचं काय करू? कदाचित पुढच्या उन्हाळ्यात, कोंडा डोळ्यांत जाऊन डोळे चोळत असताना, मला पस्तावा होईल. तुमचा मुलगा चिडेल, ते तर आजच होईल. होऊ दे. फोन आला की सांगून टाकते.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. घडी घालून ठेवून देईन नाहीतर चुलीत घालीन. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. माझे वडील वैनगंगेपलीकडे आमच्या गावी राहिले, भला माणूस, पण माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. लग्न लावून दिलं आणि नमस्कार केला. आता नव्यानं शिकणाऱ्या मुली सराव पाठांना माझ्या वर्गात येतात, कोणीकोणी घर आणि नोकरी सांभाळून, आणि डब्याच्या सुट्टीत विचारतात, "मैडम, आपने कैसे किया? किसने साथ दिया?" मी सांगते, "पिताजी ने." सासरे होते, असं मी कधी सांगत नाही. त्या समजतात, माझे वडील. मी त्यांना समजू देते.